एकोणीस नंबरची बंडी

चिरंजीव जयराज यास, आजी राहीबाईचा डोक्यावर हात. (तुझं डोकं समुद्रापलीकडं असल्यामुळं तो सध्या मांजरीच्या डोक्यावर आहे. तिला काय, चालतं.) आम्ही इकडं कोयनानगरला खुशाल आहोत. गुडघे बोलतात, पण माणसंच बोलेनाशी झाल्यावर गुडघ्यांचं ऐकावं. धरण जागेवर आहे. भूकंप महिन्यातून एकदा येऊन फळीवरची भांडी वाजवून जातो. पाव्हण्यांत नियमानं येणारा तेवढाच उरलाय. तुझं जेवणखाण कसं चाललंय? तिकडं भाकरी मिळत नाही म्हणून पिठाला दोष देऊ नकोस, हाताला दे.

पत्र तुझी आई लिहिते आहे. मी सांगते तसं लिहायचं, मधे आपलं शहाणपण घालायचं नाही, असं ठरलंय. (संयोगिताबद्दल काही बोलले की पेन थांबतं. बघ, थांबलं.) फोनवर का नाही सांगितलं म्हणशील, तर असल्या गोष्टी तारेत सोडू नयेत. दुसऱ्या टोकाला कोण कोण कान लावून असतं, सांगता येत नाही.

तर तू दर रविवारी फोनवर आपल्या मारिंगल क्लबचं पुराण सांगतोस, ते मला आता तोंडपाठ झालंय. नदीकाठच्या चामडं कमावणाऱ्या कामगारांनी क्लब काढला, छातीवर चिन्ह म्हणून घुबड घेतलं (जगात पाखरं काय कमी होती?), लढाईत निम्मी पोरं फौजेत गेली, तर उरलेल्यांनी दूधवाल्याला आणि पाद्र्याला मैदानात उतरवून कप आणला. ते ऐकून तुझे आजोबा, फौजेतला गडी, उठून बसले होते. चेंडू लंबगोल, वांग्यासारखा. खांब चार, मधले दोन उंच, कडेचे दोन बुटके. मधल्या दोनांतून गेला तर सहा गुण, आणि पांढऱ्या कोटातला माणूस डॉक्टरसारखा पुढं येऊन दोन झेंडे हलवतो. खांबाला लागला किंवा बाजूनं गेला तर चुकल्याबद्दल एक गुण. हे मला लय आवडलं. चुकीलासुद्धा एक देणारा खेळ म्हणजे देवाघरचा खेळ. आमच्या सासूबाईंनी हयातीत एक दिला नाही.

आणि तो एकोणीस नंबरवाला. (त्याचं नाव तुझ्या तोंडात मावतं, माझ्या नाही.) अंतिम सामना, क्लब दोन गुणांनी मागं, भोंगा वाजलेला, शेवटची लाथ त्याची. चेंडू गेला आणि उंच खांबाला लागला, टक्. एक गुण मिळाला, एका गुणानं कप गेला. त्या संध्याकाळी तो अंगावरच्या बंडीनिशी मैदानातून निघाला, नदीच्या बाजूला गेला आणि पुन्हा कुणाला दिसला नाही. मूठभर मातीसुद्धा कुणी टाकली नाही त्याच्यावर. तेव्हापासून एकोणीस नंबर कुणी घालत नाही, आणि क्लबला कप नाही; अंतिम सामना आला की कुणाचा ना कुणाचा चेंडू खांबाला लागतोच. अरे, लागणारच! दरवर्षी सामना ठेवता कधी, तर म्हाळाच्या आसपास. पितर दारात उभे असताना कुणी शुभकार्य काढतं का?

पण तू मात्र शपथ घालून बसलास की कप आल्याशिवाय घरी येणार नाही. क्लबच्या नोकरीत खेळाडूंचे पाय चोळतोस ते चोळ. पण आजोबा गेले तेव्हाही सामने चालू होते, म्हणून आला नाहीस. "आजी, कपच आणून त्यांच्या फोटोपुढं ठेवतो," म्हणालास. म्हणजे माझा नातू मला दिसणार की नाही, हे एका बुडालेल्या गोऱ्याच्या हातात. पायात म्हण.

तू पार्सल धाडलं म्हणालास, खांद्यावर घ्यायला ऊबदार. ते गेल्या पंधरवड्यात पोचलं. संयोगिता तेव्हा सांगलीला माहेरी होती. दिवेलागणीला पोस्टमन आला, नवाच होता. गोरापान, अर्ध्या चड्डीत, मांड्या उघड्या, पायाला चिखल. मी म्हटलं, "बाबा, पाणी घे." त्यानं उंबऱ्यावर गाठोडं ठेवलं आणि सडक सोडून धरणाच्या बाजूला चालू लागला. तिकडं घर नाही कुणाचं. उघडून बघते तर लोकरीची बिनबाह्यांची बंडी, छातीवर घुबड, पाठीवर दोन आकडे. आकडे मला कळत नाहीत, पण तुझी आई परत आल्यावर म्हणाली, "आत्याबाई, एकोणीस आहे." म्हटलं, वा रे पोरा, कुणी घालत नाही ती आजीला धाडलीस!

बंडी ओली होती. वाळत घातली. दुसऱ्या दिवशी ओली. ऊन कडक, शेजारची पातळं तासात वाळतात, ही आपली गळतेच आहे. खाली मातीत पाणी साचलं, त्याला नदीच्या गाळाचा वास. तुझी आई त्या दोरीकडं फिरकेना. (लिही, लिही. खरं तेच सांगतेय.) मग परड्यात घेवड्याला मी चार बांबू रोवले होते, सारख्या उंचीचे. सकाळी बघते तर कडेचे दोन हातभर जमिनीत गेलेले. मधले उंच, कडेचे बुटके. भूकंपानं खचले असतील म्हणालो. भूकंप आला नव्हता, पण म्हणालो.

त्यानंतर धरणाचा पाणी सोडायचा भोंगा वाजला की परड्यात आधी धप्प आवाज यायचा, ओल्या चामड्याला लाथ बसावी तसा. मग जरा गप्प. मग बांबूवर टक्. दर वेळी. मी ओरडायची, "आरं, किती दिवस चुकशील? घेवडा मोडंल माझा!" पण खरं सांगू, त्या मधल्या गप्प वेळात माझाही श्वास अडकायचा.

म्हाळाच्या दिवशी आजोबांचं पान भिंतीवर ठेवलं. वडे, खीर, गवार, सगळं. कावळे आले ढीगभर, पण एक शिवेना. तुझी आई हात जोडून म्हणाली, "मामंजी, काय राहिलं असंल ते पुरं करू." छप्पर शाकारू म्हटलं. शेजारच्या लालासाहेबानं तर बांधाचा दगड मागं सरकवतो म्हणून सगळ्यांदेखत शब्द दिला. (दुसऱ्या दिवशी तो शब्दच मागं सरकवला.) कावळे ढिम्म. मग माझ्या ध्यानात आलं, ते पानाकडं बघतच नाहीत. सगळ्यांच्या माना बंडीकडं.

मी दुसरं पान वाढलं आणि दोरीखाली ठेवलं. म्हटलं, ज्याचं कुणी नाही त्याचं आपणच. तेवढ्यात भोंगा वाजला. वारा नव्हता, झाडाचं पान हलत नव्हतं, आणि दोरीवरची बंडी भरली बघ, आत छाती असल्यागत. धप्प झालं. आता टक् होणार. मला एकदम तुझा पांढरा कोटवाला आठवला. एक फडकं होतं हातात, दुसरा तुझ्या आईचा नवा टॉवेल ओढला, (पेन थांबलं) आणि बांबूंपुढं जाऊन दोन्ही हलवत ओरडले, "झाला रं लेकरा! मधनंच गेला! म्या बघितला!"

टक् झालंच नाही. मग एक कावळा उतरला आणि दुसऱ्या पानाला शिवला. बंडीला हात लावला तर कोरडी, उन्हासारखी ऊन. मग मी आजोबांच्या पानाशी जाऊन कानात सांगावं तसं काही पुटपुटले, आणि तेही पान शिवलं. काय पुटपुटले ते तुला कशाला? शनिवारी सामना आहे तुमचा. नीट पाय चोळ सगळ्यांचे.

तुझी आजी,
राहीबाई (अंगठा संयोगितानं नीट उमटवून घेतला आहे)

ता. क. आजोबांना सांगितलं की जयराज दिवाळीला घरी येतोय, कप मिळो न मिळो. कावळा त्यावरच शिवला. जिवंत माणसाला दिलेला शब्द मोडला तर भांडण होतं. मेलेल्याला दिलेला मोडला तर तो विचारायला येतो. आणि आजोबांना आता तिकडची वाट माहीत असलेला सोबती मिळालाय. चुकलेल्याला एक गुण असतोच, बाळा. ये.

आणखी एक. चि. जयराज, ही मी, आई. वरचं सगळं आत्याबाईंनी सांगितलं तसंच लिहिलं. तुझं पार्सल आज सकाळी आलं, मनुबाई घेऊन आल्या. आपल्याकडं गेलं वर्षभर टपाल त्याच आणतात, दुसरं कुणी नाही. आत शाल आहे. बंडीचं काही नाही. म्हणून परड्यात जाऊन पाहिलं, तर दोरी रिकामी. दाराआडची मामंजींची काठीही नाही. आत्याबाईंना विचारलं, तर शाल पांघरून हसत म्हणाल्या, "घाबरतीस कशाला? दोघं त्याला आणायला निघाल्यात."

तू तिकीट काढ.