वाक्याचा पुढचा भाग

ती. साडूभाऊ यांस,

सादर नमस्कार. इकडे सर्व ठीक आहे असं आधी लिहायचं असतं, म्हणून लिहिलं. खरं तुम्हाला ठाऊकच आहे, कारण इकडचं जे काही ठीक होतं ते गेल्या आठवड्यापासून तुमच्या बाहेरच्या खोलीत मुक्कामाला आहे. ताई बऱ्या असतील. तुमचा गुडघा कसा आहे? थेंब वेळेवर घालत जा आणि दिव्याकडे एकटक पाहू नका.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "अहो, तुम्ही नेमकं काम तरी काय करता?" लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर हे विचारलंत, तेव्हा प्रकरण गंभीर आहे हे मला कळलं. तर सांगतो. कुणीतरी एकदाच काहीतरी बोलतं. ते सगळीकडे पुन्हा पुन्हा बोलल्यासारखं दिसेल अशी व्यवस्था आम्ही करतो. उदाहरणार्थ, एक दातांचे डॉक्टर आहेत. ते कॅमेऱ्यासमोर हिरड्यांवर तासभर बोलतात. मग आम्ही त्या तासाचे तुकडे पाडतो. उभ्या व्हिडिओसाठी एक चटकदार तुकडा, चौकोनी चित्रावर एक वाक्य, नोकरदारांच्या साइटवर हिरड्यांपासून नेतृत्वाबद्दल काय शिकावं ते, आणि ज्यांना बघायचंही नाही नि वाचायचंही नाही त्यांच्यासाठी नुसता आवाज. डॉक्टर घरी जाऊन झोपतात, हिरड्या महिनाभर चालू राहतात. (मध्येच उठून फोन पाहून आलो. काही नाही.) तुमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या शिकाऊ गाडीत एक ब्रेक शिकणाऱ्याकडे असतो आणि दुसरा तुमच्या पायाशी. आमच्याकडे एकही नाही. सकाळी तुकडे रांगेला लावायचे, ते आपापल्या वेळेला आपोआप सुटतात. एकदा मी डॉक्टरांचं वाक्य 'रात्री दात घासले नाहीत तरी चालतं' इथे तोडलं. पुढे 'असं समजणारे शेवटी माझ्याकडेच येतात' असं होतं. तुकडा तुफान चालला. डॉक्टर आधी ओरडले, मग दवाखान्यात गर्दी वाढली, मग गप्प बसले. तेव्हापासून हाताला सवय लागली. वाक्य जिथे छान वाजतं तिथेच तोडायचं.

आता मुद्द्यावर येतो. (येतो म्हणालो आणि खिडकी लावायला उठलो. ती आधीच लावलेली होती.) आमच्याकडे घरांच्या आतले रंग विकणारे एक गृहस्थ आले. तासभर बोलले. त्या तासात 'धुता येतो, पुसता येतो' यापलीकडे काही नव्हतं. आमची मालकीण, जिला आम्ही पाठीमागे कात्री म्हणतो, म्हणाली, "काहीतरी काढ यातून, नाहीतर तुलाच पुसते." मी ऑफिसात येरझाऱ्या घातल्या, त्याच घरी आणल्या. संध्याकाळी तुमची मेहुणी चादरींच्या घड्या घालत काहीतरी सांगत होती. माझ्या एका कानात रंगवाले होते. तेवढ्यात ती म्हणाली, "तुझ्याशी बोलण्यापेक्षा भिंतीशी बोललेलं बरं. भिंत निदान मध्येच फोन तरी बघत नाही." मी फोन ताबडतोब खाली ठेवला. तिला वाटलं, लागलं याला. मला पेन हवं होतं.

पुढचं तुम्ही पाहिलंच असेल, सगळ्यांनीच पाहिलं. 'बोला भिंतीशी. ती मध्येच फोन बघत नाही.' चित्र झालं, व्हिडिओ झाला, रिसेप्शनवरच्या मुलीने ते दुखावल्या आवाजात म्हणून दिलं. रंगवाले इतके खूश झाले की त्यांनी ते एका प्रचंड भिंतीवर रंगवून घेतलं. कुठली भिंत, हे मी विचारलं नाही. तुमची मेहुणी चष्म्यांच्या दुकानात नंबर तपासते हे तुम्हाला ठाऊक आहे. नवा चष्मा चढवला की ती गिऱ्हाइकाला म्हणते, "दाराबाहेर बघा आणि लांबचं काही वाचून दाखवा." ती भिंत दाराबाहेरच आहे. सकाळपासून गिऱ्हाइकं तिचं बोलणं तिलाच वाचून दाखवत होती. एका आजोबांनी दोन्ही डोळ्यांनी वेगवेगळं वाचलं आणि म्हणाले, "कुणाच्या तरी बायकोचं दिसतंय."

घरी येऊन ती ओरडली नाही. बॅग भरली. दारात थांबून एकच विचारलं, "त्याच्या पुढे काय म्हणाले होते मी?"

मी म्हणालो, "पुढे? तिथेच संपत होतं की. छान संपत होतं."

हे उत्तर चुकलं.

माफीही मागितली, साडूभाऊ. मनापासून लिहिली. पण हाताची सवय. एक लांबलचक मेल, एक आटोपशीर मेसेज, एक रेकॉर्ड केलेला आवाज, असे तीन प्रकार झाले आणि रांगेतून तिला एकाच सकाळी पोचले. तिन्हींच्या शेवटी 'तुम्हाला काय वाटतं? खाली नक्की कळवा' असं राहून गेलं. तिने कळवलं नाही. कात्री म्हणाली, "पाठवायची वेळ बदलून बघ."

घर फार शांत आहे. दोनदा भिंतीशी बोलून पाहिलं. ती खरंच फोन बघत नाही, पण बाकीही काही करत नाही.

ताईंना नमस्कार. पत्र संपवतो, कारण पुन्हा उठावंसं वाटतंय.

आपला धाकटा साडू

ता. क. गुडघा तुमचा, थेंब सासूबाईंचे. त्यांच्या मोतीबिंदूसाठी लिहिलेली ओळ इकडे राहिली. त्यांना बहुधा गुडघा शेकायला सांगितलं गेलंय. समजून घ्यावं.

ता. क. २. खरं काम हे आहे. त्या संध्याकाळी ती पुढेही बराच वेळ बोलत होती. तिचे हात आठवतात, चादर आठवते, शब्द एकही आठवत नाही. तेव्हा मी लिहून घेत होतो. ताईंना तिने सांगितलं असेलच. हळूच विचारून मला कळवा. तुकडा नको, सगळं हवं. ते कळलं की येऊन तुमचं दार वाजवीन. कुठेही वापरणार नाही, शपथ.

ता. क. ३. हे पत्र मी फक्त तुम्हालाच लिहिलं, असं तिला सांगा. सासूबाईंनाही हेच सांगायला कळवलं आहे.