बी.कॉम.चा फॉर्म उसात भिजला त्याची हकिगत

मु. वरकुटे, ता. इंदापूर
दि. १४ जुलै १९९६

श्री. रामहरीराव यांना तुमच्या दाजीचा, म्हंजे आबाजीचा, खाटेवर आडवं पडून घातलेला नमस्कार (उठता येत न्हाय, मान कमी समजू नये). वडगाव निंबाळकरला समदी खुशाल असतील. हितं तुमची बहीण ठीक, म्हशी ठीक, माझा डावा पाय सोडून समदं ठीक.

आता पायाचं सांगतो. तुमची भाची मनिषा बारावी पास झाली आणि तुमी लगेच 'पोरीला नर्सिंगला घाला' असं पत्र धाडून माझ्या घरात काडी टाकली. माझं बी.कॉम. ठरलं होतं. आपलं दूध केंद्र हाय, उद्या त्याची डेअरी होईल, तितं खुर्चीवर आपली शिकलेली पोरगी बसंल. आमच्या आज्यानं जन्मभर मेंढरामागं पाय झिजवलं, नातवाच्या पोरीनं तरी बसून कमवावं. आजाऱ्यांची भांडी उचलायला शिकवली का तिला? पोरगी काय बोलली न्हाय. ती गप राहिली की मला वाटतं, पटलं. तितंच माझं चुकतं.

गेल्या मंगळवारी मोटारसायकलवर मनिषाला मागं बसवून बी.कॉम.चा फॉर्म द्यायला बारामतीला निघालो. लासुर्ण्यापर्यंत तिला धंदा समजावला. धंद्यात नजर कायम पुढं पायजे, हे मागं वळून सांगत असतानाच गाडी रस्ता सोडून पाणी दिलेल्या उसात घुसली. मी खाली, गाडी वर, फॉर्म सरीत. नडगी फाटली. रक्त बघून मी डोळं मिटलं (भोवळ न्हाय, ऊन फार होतं). पोरीनं ओढणीनं पाय करकचून बांधला आणि दुधाचा टेम्पो थांबवला. ड्रायव्हर म्हणाला, आधी दूध पोचवतो. तिनं त्याच्याकडं नुसतं बघितलं. मग त्यानं दवाखान्याच्या दारापर्यंत हॉर्नवरचा हात काढला न्हाय.

तितल्या सिस्टर सारजाबाई, उंचीनं माझ्या खांद्याएवढ्या. डॉक्टरनं टाक्याची सुई घेतली तसा मी म्हटलं, जरा बाहेर जाऊन येतो. बाई म्हणाल्या, "पाय ठेवून जा, मग कुठंबी जा." सात टाके पडलं (मोजलं मनिषानं, मी छत बघत होतो). शेजारच्या खाटेवर कोण, तर आपल्या दूध संघाचं चेअरमन आप्पासाहेब! ज्यांच्यापुढं मी वीस वर्षांत खुर्चीला टेकलो न्हाय. तापानं फणफणलेलं, तरी सलाईन उपसून घरी निघालेलं. सिस्टर एवढंच म्हणाल्या, "आप्पासाहेब, आडवं व्हा." झालं की हो! डॉक्टरसुद्धा बोलायच्या आधी बाईंच्या तोंडाकडं बघायचा. रामहरीराव, असला हुकूम मी कुठल्या मॅनेजरचा बघितला न्हाय.

दोन दिवस ठेवून घेतलं, तेवढ्यात मनिषा अख्ख्या वॉर्डाची झाली. बानूबाई नावाची एक म्हातारी गोळी तोंडात घेईना. पोरगी जवळ बसली, शेळीला करडं किती झाली, ह्याची चौकशी करता करता गोळी गिळवून मोकळी. म्हातारीनं मला विचारलं, "पोरगी तुमची व्हय? मग तुमीच एवढं का बोंबलता?" सिस्टरनी थर्मामीटर हातात दिलं तवा मनिषाचं तोंड असं उजळलं, की बी.कॉम.च्या नावानं तसं एकदाबी उजळलं नव्हतं. मी विचारलं, "मने, हेच करायचं का गं तुला?"

"व्हय, आबा," म्हणाली, आणि माझ्याच पट्टीकडं बघत डोळं पुसलं.

तवा मी घरचा कर्ता म्हणून, पूर्ण विचारांती, स्वतःच्या अकलेनं नर्सिंगचा निर्णय घेतला. तुमच्या पत्राचा त्यात काडीचा संबंध न्हाय. लहानांना आशीर्वाद, थोरांना दंडवत (पाय बरा झाल्यावर).

तुमचा दाजी,
आबाजी

ता.क. नर्सिंगच्या फॉर्मची तारीख कवाच संपली, हे आज कळलं. घाबरू नका. निकाल लागला त्याच आठवड्यात मनिषानं फॉर्म धाडला होता, यादीत नावबी लागलं. सही माझीच हाय. रेशनकार्डाच्या कागदांत घालून घेतली म्हणं. कागद उडू नये म्हणून तुमच्या बहिणीनं धरून ठेवला होता.

आणखी ता.क. पत्र लिहायचं खरं कारण राहिलंच. एक तारखेला तिला पुण्याच्या होस्टेलात सोडायची हाय. सोडायला मी जाणारच, त्यात बदल न्हाय. पण तुमीबी चला. तिला सोडीन मी, रामहरीराव. मला परत आणायला कोणीतरी पायजे.