अर्थशास्त्राच्या सभेत तुमची कॉफी

ग्रोनिंगेन, शुक्रवार

ती. आफके मावशीस,

वीबेचा इथूनच वाकून नमस्कार. (खरोखरच वाकलो आहे. खोलीत टेबल नाही, गुडघ्यावर कागद ठेवून लिहितोय.) गुडघ्यावरून आठवलं, डौव काकांचा गुडघा काय म्हणतो? बर्फ पडायच्या आधी अजून रेडिओऐवजी त्यालाच विचारता ना? तुमची तब्येत ठणठणीत असणार, कारण आजारी पडायला तुम्हाला सवड मिळालेली मी कधी पाहिली नाही. मी मजेत आहे. नुसता मजेत नाही, मावशी, मी काल जिंकलो, आणि तेही एका कॉलेजात! ज्या भाच्याला शाळेने तीनदा दप्तरासकट घरी पाठवलं, त्याच्यासाठी काल प्रोफेसर लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आता पहिल्यापासून सांगतो. इथे आलो ते कालव्यावरच्या एका बोटीला रंग द्यायला. अर्धी बोट हिरवी झाल्यावर मालकीणबाई म्हणाल्या, मी निळा सांगितला होता. (सांगितलाही असेल. पण त्या वेळी पुलावरून एक माणूस सायकलवर शिडी घेऊन चालला होता, आणि शिडीचं दुसरं टोक मागच्या सायकलवर बसलेल्या त्याच्या आईच्या खांद्यावर होतं. अशा वेळी रंगाकडे कोण लक्ष देणार?) तर बोटीचं काम सुटलं. बाहेर वारा असा की सायकल ढकलत न्यावी लागे. म्हणून एका कॉलेजच्या दारात शिरलो, तर तिथे पाटी: दुपारी बारा वाजता अर्थशास्त्राचं संशोधन-व्याख्यान, जेवणाची सोय आहे, सर्वांचं स्वागत. यातला शेवटचा अर्धा भाग मला पूर्ण कळला. आत चीजचे पाव होते, गार ताक होतं आणि मागची रांग रिकामी होती. त्या दिवसापासून मी दर गुरुवारी अर्थशास्त्र ऐकतो.

मावशी, व्याख्यान म्हणजे एक जण बोलतो आणि बाकीचे ऐकतात, असं तुम्हाला वाटेल. अजिबात नाही. इथे एक जण बोलायला उभा राहतो आणि बाकीचे त्याला बोलू देत नाहीत. प्रोजेक्टरवर शीर्षकाचा कागद ठेवला की शीर्षकाच्या दुसऱ्याच शब्दाला हरकत! तासाभरात तिसऱ्या कागदापर्यंत पोचला तो नशीबवान. आणि गंमत अशी की यात मान आहे. एका बिचाऱ्याला त्यांनी शेवटपर्यंत बोलू दिलं, तर तो घाम पुसत पुसत रडवेला झाला. लाल मोजे घालणारे एक गृहस्थ तर दर गुरुवारी एकच प्रश्न विचारतात, "पण हे उलटं नसेल कशावरून?" चौथ्या आठवड्यात तो मीच आधी विचारून टाकला. (तोंडात पाव होता, त्यामुळे आवाजाला वजन आलं.) व्याख्याता पांढराफटक पडला, मग त्याने माझे आभार मानले. तेव्हापासून लोक मला मान लववतात.

फक्त हादेविखने मला पकडलं. ही इथे शिकवते, पण कच्च्या नोकरीवर. तिने थेट विचारलं, "तू कुठल्या विभागाचा रे?"

"बोटींच्या."

"आमच्याकडे तसा विभाग नाही."

"म्हणून तर इकडे यावं लागतं."

ती हसली आणि तिने स्वतःच्या ताटलीतला दुसरा पाव मला दिला. मग सांगितलं की जूनमध्ये तिची मुदत संपते, पुढच्या गुरुवारी तिचंच व्याख्यान आहे, आणि प्रोफेसर टेरप्स्ट्रांना पटलं तर नोकरी पक्की, नाही तर वडिलांच्या दुकानात पंक्चर काढत बसायचं. "आणि टेरप्स्ट्रांना आजवर त्यांची बायकोसुद्धा पटलेली नाही," म्हणाली.

तो गुरुवार म्हणजे काल. तिने पहिला कागद ठेवला आणि मी ताक सांडलं. मावशी, आपलं लिलावगृह! आपला फुलांचा हॉल, आपलं घड्याळ! काटा चढ्या भावावरून खाली येतो आणि जो आधी बटण दाबेल त्याला फुलं, हे ती त्यांना असं समजावत होती, जणू चंद्रावर जाऊन पाहून आली आहे. मी गेल्या वर्षी तिथे फुलांच्या गाड्या ओढल्या तोच हंगाम तिने घेतला होता, रोजचे भाव मिनिटामिनिटाने. तिचं म्हणणं असं की भाव नुसत्या फुलांवर ठरत नाही, घेणाऱ्याचं लक्ष कुठे आहे यावरही ठरतो. पुरावा काय, तर रोज पावणेनऊला भाव पाव तास पडतो, फुलं तीच असून.

"आणि बुधवारी?" टेरप्स्ट्रा पहिल्या रांगेतून म्हणाले. बुधवारची सरासरी काढली तर भाव पडतच नव्हता. "बुधवारी काय, सगळे नवे डोळे बसवून येतात?"

सगळे हसले. हादेविखने कागद उगाच सरळ केला, पुन्हा सरळ केला, आणि म्हणाली, "ते मला अजून माहीत नाही." टेरप्स्ट्रांनी पेनाला टोपण लावलं. मला येत्या जूनमधलं पंक्चरचं दुकान स्पष्ट दिसलं. मी उभा राहिलो आणि ओरडलो, "बुधवारी आफके मावशी नसते!"

"आफके मावशी कोण?"

"कॉफीवाली!"

मग मी सगळं सांगितलं. पावणेनऊला तुमची गाडी येते. तुम्ही प्रत्येकाला एक कप देता, एक बिस्किट देता आणि डब्याचं झाकण लावता. (एकच बिस्किट का, हे त्या हॉलमध्ये कुणीही विचारलं नाही. सगळ्यांच्या आयांनी तेच केलेलं आहे.) बाकावर चुरा सांडलेला तुम्हाला चालत नाही, म्हणून बिस्किट हातातच धरायचं. एका हातात कप, दुसऱ्यात बिस्किट, आणि बटण दाबायला तिसरा हात देवाने दिलेला नाही. काटा आपला खाली येतोय! बुधवारी शाळा अर्धी, नातवंडं तुमच्याकडे, म्हणून तुमच्या जागी दुसरा कुणीतरी. त्याची कॉफी लोक एका घोटानंतर खाली ठेवायचे आणि हात मोकळे.

टेरप्स्ट्रांनी पेनाचं टोपण अर्धं काढलं. मग सावकाश म्हणाले, "बुधवारी माझ्याकडेही चार नातवंडं असतात." आणि एकदम जो गलका झाला, मावशी! फुलं तीच, माणसं तीच, घड्याळ तेच, आणि बदल घडवला कुणी, तर शाळेच्या वेळापत्रकाने, ज्याला ट्यूलिपशी काही देणंघेणं नाही. असं आयतं उदाहरण मिळावं म्हणून ही मंडळी आयुष्य घालवतात म्हणे. लाल मोजे उठलेच, "पण उलटं नसेल कशावरून? भाव पडला म्हणून कॉफी आली असेल."

मी म्हटलं, "साहेब, मावशी भाव बघून कॉफी आणत नाही. पावणेनऊ वाजले की आणते. राणी आली तरी थांबायचं नाही."

तेव्हा त्या टाळ्या. लाल मोज्यांनीही वाजवल्या. हादेविख काल सातव्या कागदापर्यंत पोचली. या कॉलेजात हे पूर्वी कधी घडलेलं नाही म्हणतात.

मोठ्यांना नमस्कार, नातवंडांना पापा, काकांच्या गुडघ्याला विश्रांती.

तुमचा,
वीबे

ता. क. : टेरप्स्ट्रांचं पेन अजून पूर्ण उघडलेलं नाही. ते म्हणाले, "लेखी आणा." नेमणूक-समिती पुढच्या शुक्रवारी बसते. गेल्या वर्षी नातवंडांना गोवर आला आणि ती आपापल्या घरीच राहिली, तेव्हा तुम्ही तीन बुधवार कामावर गेला होतात ना? त्या तारखा तुम्ही संडासातल्या वाढदिवसांच्या कॅलेंडरवर लिहिल्या असतील. (इथेही घरोघरी ते संडासातच टांगतात.) त्या तीन बुधवारी भाव पडलेला निघाला, तर हादेविख पक्की. तेव्हा कॅलेंडर भिंतीवरून काढून आजच पाठवा. सोबत सहीचं पत्र. काकांचा वाढदिवस चोवीसला असतो, मी लक्षात ठेवतो.

ता. क. २ : बुधवारी कॉफी कोण करायचं, तेही पत्रात लागेल. "दुसरा कुणीतरी" समितीला चालणार नाही. काल संध्याकाळी मी हादेविखला खरं सांगून टाकलं. ती जिन्यातच बसून हसली आणि म्हणाली, "मग तुझं नाव निबंधात घालावंच लागेल." तेव्हा न संकोचता माझंच नाव लिहा, आणि पत्राची एक प्रत लिलावगृहाच्या मॅनेजरसाहेबांच्या हातात द्या. ज्या कॉफीपायी त्यांनी मला काढलं, तिच्याच कृपेने सबंध हंगाम बुधवारी फुलं पिकवणाऱ्यांना चढा भाव मिळत होता. नोकरी परत नको. फक्त वाचताना त्यांचा चेहरा कसा झाला, तेवढं उलट टपाली कळवा.