कोनच्या वेणूची फेरपरीक्षा

मी, धर्मराज बळीराम म्हात्रे, वय बावीस, राहणार पनवेल, पुढील मजकूर राजीखुशीने लिहून ठेवतो. परवा मुंबईत माझ्या छातीचे ऑपरेशन आहे. फुप्फुसाला क्षय आहे, बुद्धीला काही झालेले नाही. अर्थात बुद्धीबद्दल मी न बोललेले बरे.

१. सायकल मित्र जगन याला. ब्रेक लागत नाही, हे त्याला ठाऊक आहे.

२. घरातला माझा हिस्सा बाबांना. माझी बालमैत्रीण वेणू हिचे लग्न ठरल्याचे कळताच मी कॉलेजचे इंटरचे वर्ष अर्धवट टाकून धावत आलो, मांडवात तमाशा केला. त्याबद्दल ते अजून माझ्याशी बोलत नाहीत. बोलूही नये.

३. वेणूला काहीही देत नाही. दिले तर सासरी तिलाच ऐकावे लागेल.

४. बुद्धी मोजायच्या ठोकळ्यांची पेटी माझी थोरली बहीण सत्यवती हिला. ज्याची बुद्धी कमी त्याला रोग लवकर धरतो का, हे आमचे डॉक्टरसाहेब गावोगाव तपासतात. ठोकळे जुळवून घेण्याचे, प्रश्न विचारण्याचे काम माझे. तापाने फणफणलेल्यांनाही मी तसेच बसवले. रोगाने माणूस मंदावला की मंद म्हणून रोगी झाला, हा विचार तेव्हा शिवला नाही.

असाच कोन गावी वेणूच्या सासरी गेलो. सासरा ओटीवर बसलेला. तिने पदर ओढला आणि एका प्रश्नालाही उत्तर दिले नाही. लहानपणापासून कोड्यांत मला हरवणारी ही मुलगी! मला वाटले, माझा अपमान करते. रागाने शून्य गुण दिले, ‘मंदबुद्धी’ लिहिले.

सासू ठमाबाई म्हणाली, “सासरा बसलाय न् सून परक्या बाप्यासंगती बोलंल? तू शाना हायस का येडा? आत येऊन मना इचार, मी तिला इचारतंय.”

मी म्हणालो, “नियमात बसत नाही.”

आता वेणूला खोकला लागला आहे, थुंकीत रक्त येते. घरी घ्यायच्या गोळ्या डॉक्टर मंद माणसाला देत नाहीत. तो नेमाने घेणार नाही म्हणतात. मी खरे सांगितले, तर म्हणाले, “म्हात्रे, तुमचं मन गुंतलंय तिथं. तुमच्या शब्दावर गुण बदलणार नाहीत. दुसऱ्या कुणी परीक्षा घेऊ दे.”

गोळ्यांचे वाटप गुरुवारी आहे.

म्हणून सत्यवतीने पेटी घेऊन गुरुवारच्या आत कोनला जावे, स्वयंपाकघरात चुलीपाशी बसून वेणूची परीक्षा घ्यावी. सासऱ्याला ओटीवरच बसू द्यावे. माझे नाव काढू नये.

बाकीची कलमे मी मेल्यावर. हे कलम आजपासून लागू आहे, आणि मी वाचलो तरी लागूच राहील. ताई, ऑपरेशनला माझ्याजवळ थांबू नकोस. तू कोनला जा.

ठिकाण: पनवेल
ता. १७ नोव्हेंबर १९५७

सही: धर्मराज बळीराम म्हात्रे

लिहिणाऱ्याने आमच्यासमोर सही केली:
१. जगन भगवान ठाकूर
२. आनंदा रामू पाटील