काटकोनाची पाटी

३ मार्च, सोमवार

पोरगी आज माहेरी आली, दारात पडले म्हणाली. मी म्हटलं, दाराला बोटं असतात का? गळ्यावर चार निळे डाग आहेत, मी काय आंधळा आहे? डावा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. एक पिशवी, पायात घरातल्या सपाता. होती तशीच निघून आली.

जावईबापू! लग्नात केवढा गोड बोलत होता. हाडं खिळखिळी करतो म्हणून मी निघालोच होतो, तर ही, पोरीची आई, दारात उभी राहिली. "तिला आधी जेवू द्या," म्हणाली. मग बसलो. पण हात शिवशिवत होते.

आता ती इथेच राहणार. ठरवलं मी. मागच्या खोलीत तिचे कपडे ठेवायला काही नाही, तर चार ड्रॉवरचं कपाट करून देतो. लाकूड आहेच पडलेलं.

४ मार्च, मंगळवार

पहिल्या ड्रॉवरचे कोपरे जुळेनात. केसाएवढी फट राहते. तीस वर्षं छापखान्यात कागद कापला मी, केसाएवढीसुद्धा चूक खपली नाही कधी. आणि आता घरच्या फळ्या ऐकत नाहीत.

करवतीने कापलेलं टोक कधीच नेमकं येत नाही, ते रंध्याने सरळ करावं लागतं. त्यासाठी पाटी हवी. जाड प्लायवर एक पातळ प्लाय थोडा मागे सरकवून बसवायचा. कडेला जी वाट राहते तिच्यातून रंधा आडवा झोपवून पळवायचा. वरती एक आडपट्टी, बरोबर काटकोनात. फळी तिला टेकवून धरली की टोक काटकोनातच तासलं जातं. सगळा खेळ त्या आडपट्टीचा.

जेवताना पोरीला विचारलं, पहिल्यांदा कधी मारलं त्याने? म्हणाली, "बाबा, जेवू द्या ना." माझ्या हातातला ग्लास मी जरा जोरात ठेवला. फुटला.

६ मार्च, गुरुवार

पाटी झाली. गोंद, स्क्रू, सगळं. दोन फळ्या तासून एकमेकींना भिडवल्या — फट! पट्टी काढली, काटकोन मापायचा लोखंडी गुण्या लावून परत बसवली, परत फट. चार वेळा. चौथ्या वेळेला तळपायाची आग मस्तकात गेली. उचलली पाटी आणि भिंतीवर घातली. गिलावा पडला खाली, हातभर.

वळून बघतो तर पोरगी दारात. चेहरा पांढराफटक. चांगला हात डोक्यावर धरलेला, असा आडवा.

"तुला नाही गं," म्हटलं.

"माहीत आहे," म्हणाली. पण हात काही तिने खाली घेतला नाही. मग चहा टाकायला गेली.

७ मार्च, शुक्रवार

पाटी शाबूत. फक्त आडपट्टी चिरली.

८ मार्च, शनिवार

दोष पाटीचा नव्हताच. गुण्याच वाकडा! फळीच्या कडेला गुण्या टेकवून रेघ मारली, मग तो उलटा करून त्याच जागी दुसरी रेघ मारली. एकावर एक यायला हव्यात. वरती जाऊन फाकल्या.

हिला विचारलं, माझा गुण्या कोणी पाडला? ही कपड्यांच्या घड्या घालत होती. मान वर न करता म्हणाली, "पाडला नाही. तुम्ही मला फेकून मारला होतात. मी वाकले म्हणून वाचले, भिंतीला लागला. पोर सातवीत होती."

मी म्हटलं, काहीतरी रचून सांगू नकोस. मला नाही आठवत. असेल एखाद्या वेळेला, पण फेकून मारला वगैरे म्हणजे अतीच. लोखंडाची वस्तू आहे, मी काय वेडा आहे? ती घड्याच घालत राहिली. मला त्याचाच जास्त राग आला. स्टुलाला लाथ घातली, अंगठा सुजलाय.

नवा गुण्या आणला.

१० मार्च, सोमवार

जमलं. नवी आडपट्टी एका स्क्रूवर अडकवली, नव्या गुण्याने नेमकी केली, मग दुसरा स्क्रू आवळला. रंधा पळवला तर कागदासारखी साल निघाली. दोन फळ्या भिडवून खिडकीपाशी धरल्या. मध्ये उजेडाची रेघसुद्धा नाही.

पोरीला हाक मारली. तिने स्वतः धरून बघितल्या. हसली! आल्यापासून पहिल्यांदा. "मी फळी धरू का?" म्हणाली. एका हाताने धरून बसली, मी तासत होतो. दोन ड्रॉवर झाले. दोन तास आम्ही कोणी आवाज चढवून बोललो नाही. मला फार बरं वाटलं.

राहील ती.

१२ मार्च, बुधवार

तो आला. तिच्या कपड्यांची बॅग घेऊन, दाढी करून, सेंट मारून. मी मागच्या खोलीत तासत होतो, तिथेच येऊन उभा राहिला. म्हणाला, "चल, झालं गेलं सोड." ती नाही म्हणाली. हळूच म्हणाली, पण म्हणाली. तेव्हा त्याने तिचा हात धरला. प्लास्टरचा!

माझ्या हातात रंधा होता. लोखंडी, अडीच किलोचा. तोच घातला त्याच्या थोबाडावर. गाल फाटला. तो पाटीवर आपटून खाली पडला, मी छातीवर बसलो आणि मारत गेलो. रंधा सुटला तर मुठीने. एक दात माझ्या बोटात रुतला. खरं लिहायचं तर मजा येत होती. दहा दिवस आतमध्ये कोंडलेलं सगळं बाहेर पडत होतं.

ही माझी कॉलर ओढत होती. पोरगी ओरडत होती, "बाबा, पुरे, मरेल तो!" आणि मग तिने काय करावं? टॉवेल आणून त्याच्या गालाला लावला. त्याच्या! मी कोणासाठी मारत होतो?

मी तिला ओढून बाजूला केलं. हात धरून. कुठला हात ते त्या वेळेला कोण बघतं? एक लागलीही तिला, तोंडावर. लागली असेल.

१३ मार्च, गुरुवार

त्याला आठ टाके पडले. तक्रार करणार नाही म्हणे, कुठल्या तोंडाने करेल? पोरीचं प्लास्टर तडकलं होतं, ही तिला घेऊन नवं घालून आली. मला कोणी चल म्हटलं नाही. पोरीने कडी लावून घेतली आहे. दाराबाहेरून सांगितलं, तिसरा ड्रॉवर करायला घेतलाय.

पाटीवरचं रक्त घासून काढलं. सगळं निघालं नाही.

१४ मार्च, शुक्रवार

खोली रिकामी. गेली शेवटी त्याच्याकडेच. जाऊ दे, मरू दे.

१५ मार्च, शनिवार

सकाळी त्याचा फोन. "तिला मुकाट्याने पाठवा," म्हणाला. मी म्हटलं, तुझ्याकडेच तर आली ना? "इथे कुठे आहे?" म्हणाला.

हिला विचारलं, पोर कुठे आहे? "सुखरूप आहे," म्हणाली. कुठे? "तुम्हा दोघांनाही सांगायचं नाही, असं सांगून गेलीय." मग म्हणाली, "नाव तुमचं आधी घेतलं."