इव्हाची आज्ञा

१० नोव्हेंबर १९८६
आजपासून मी अंधेरीच्या कंपनीत प्रोग्रॅमर. कॉम्प्युटरच्या खोलीत चपला बाहेर काढून जायचं, आणि आत इतका गारठा की मी पदर गुंडाळूनच बसले. घरातली पहिली पदवीधर मी; बाबांनी वाकोल्याच्या चाळीत पेढे वाटले. सहा महिने उमेदवारी, मग कायम. कायम झाले की बाबांना रखवालदारी सोडायला लावणार.

१२ नोव्हेंबर
काम कळलं. परदेशी गिऱ्हाइकाला सगळे प्रोग्रॅम एकाच वळणाचे हवेत: ओळी ठरावीक जागा सोडून, कंसाखाली कंस. हाताने वर्ष लागेल. पण प्रोग्रॅम लिहायच्या एडिटरमध्ये एक आज्ञा आहे. ती दिली की वेड्यावाकड्या ओळी आपोआप सरकतात आणि शाळेत प्रार्थनेला आलेल्या मुलांसारख्या रांगेत उभ्या राहतात. ऑपरेटर अंबादास म्हणाला, काम मशीनच करतंय, तू चहा पी ना. ही आज्ञा लिहिली कोणी, विचारलं. इव्हाने, म्हणाला, आणि प्रिंटरचा कागद बदलायला उठून गेला.
इथली शिस्त अशी की प्रोग्रॅमच्या पहिल्या ओळीत लिहिणाऱ्याचं नाव, दुसरीत शेवटचा हात लावणाऱ्याचं. पहिल्या ओळीत सगळीकडे इव्हा. दुसरीत आता वसुधा. छापील कागदावर माझं नाव कितीदा तरी वाचलं.

१९ नोव्हेंबर
आमच्या विभागाचे प्रमुख श्यामसुंदर साहेब, त्यांनी बोलावलं. पहिल्या ओळीत इव्हाऐवजी त्यांचं नाव टाकायचं. सोमवारी गिऱ्हाईक येतंय. मी म्हटलं, काम तर तिचं आहे. ते हसले. म्हणाले, ती काही विचारायला येणार नाही, आणि तुला कायम व्हायचंय ना?
डबा खाताना अंबादासने सांगितलं. इव्हा गोराईची. साहेबांनी तिचं काम आपलं म्हणून दाखवलं. ती भांडली, तर तिलाच चोर ठरवून काढलं. त्याच दुपारी घरी जाताना बोटीतून खाडीत पडली, बुडाली. पडली म्हणतात, तो म्हणाला. बोटवाल्याने तिला उभी राहताना पाहिलं होतं.

२० नोव्हेंबर
केलं. दोनशे बारा प्रोग्रॅम हाताने कोण बदलणार? इव्हाच्या आज्ञेतच मी एक नियम वाढवला: जिथे इव्हा, तिथे श्यामसुंदर. एकदा चालवली, झालं. तिच्याच आज्ञेकडून तिचं नाव पुसून घेतलं.

२४ नोव्हेंबर
माझा नियम उलटा झालाय. जिथे श्यामसुंदर, तिथे इव्हा. मी बदलला नाही, अंबादासला तर प्रोग्रॅम लिहिता येत नाही. पहिल्या ओळींत पुन्हा इव्हा. साहेब गिऱ्हाइकासमोर तोंडावर पडले. म्हणाले, तुझी वाट लावीन. मी नियम खोडला. माझ्यासमोर ओळ परत आली, ठरलेल्या जागा सोडून, नीट.

२५ नोव्हेंबर
साहेब गेले. राहायचे मुलुंडला. काल दुपारी कोणाला न सांगता उठले ते थेट गोराईच्या बोटीत. बोटवाल्याने नाव विचारलं तर इव्हा म्हणाले. मध्यावर उभे राहिले आणि —
इथे खोटं लिहिणार नाही. मला वाईट वाटलं नाही. बरं झालं, असंच वाटलं.

२६ नोव्हेंबर
फिटलं असं वाटलं होतं. पण आज्ञेत खाली एक ओळ जास्त आहे. जिथे वसुधा —
दुसऱ्या ओळी पाहिल्या. दोनशे बाराही. शेवटचा हात लावणारी: इव्हा. माझं नाव एकातही नाही.

२७ नोव्हेंबर
खोडलं. परत येतं. अंबादासला मशीन बंद करायला लावलं. पडदा काळा झाला. मग हजेरीचं रजिस्टर पाहिलं — तिथे मी शाईने सही करते, रोज — सगळीकडे इव्हा. माझ्याच अक्षरात.
मागून कोणीतरी इव्हा म्हणून हाक मारली. मी ओ दिली. खोलीत अंबादास होता. तो म्हणतो, मी हाक मारलीच नाही.

२८ नोव्हेंबर
दुपार. बोट. अंधेरीहून कशी आले, आठवत नाही.
क्षमा मागितली. पाण्याकडे बघून, मोठ्याने. कायम व्हायचं होतं म्हणून केलं, हेही सांगितलं.
शेजारची मावशी विचारतेय, पोरी, कोणाची तू, नाव काय. सांगतेय — तोंडातून दुसरंच येतं —
मी उभी राहणार नाही. फळी घट्ट धरलीय, एका हाताने. लिहितेय तोवर बसलेली आहे. लिहीत राहायचं. मध्य आला असेल. मी उभी राहणार नाही मी उभी