शेफालीची चढाई

५ फेब्रुवारी, गुरुवार

शेफालीचा फोन! त्यांचा कबड्डीचा संघ फायनलला गेला. रविवारी चार वाजता, टीव्हीवर. "आई, सगळे बघाल ना?" बघणार म्हणजे काय! फक्त घरातला टीव्ही दिवाळीपासून बंद आहे, आणि आमच्या पासली गावात मोबाईलला रेंज हवी तर टेकाड चढावं लागतं.

७ फेब्रुवारी, शनिवार

हे टेम्पो घेऊन कापूरहोळला गेले होते. म्हणे तिथं नवा स्पोर्ट्स बार झालाय, भिंतभर टीव्ही, सगळे सामने दाखवतात. सासूबाई— "बारात? म्या? ह्या वयात?" मग थोड्या वेळानं— "कंचं लुगडं नेसू?"

८ फेब्रुवारी, रविवार

काय तो थाट! बरोबर बायका म्हणून आम्हाला 'फॅमिली रूम'मध्ये बसवलं. भिंतभर टीव्ही बाहेर, पुरुषांत. आमच्या वाट्याला एक, आणि त्यावर क्रिकेट— तेही गेल्या वर्षीचं! वेटर म्हणाला, "चॅनेल मॅनेजरसाहेबच बदलतात. ते घरी जेवायला गेलेत." स्वतःचं हॉटेल सोडून घरी! तेव्हाच मला कळायला हवं होतं.

'चॅम्पियन प्लॅटर' मागवलं. बटाट्याच्या गार काड्या, चावता चावेना असं पनीर. सासूबाईंनी त्यावरचं पान उचललं— "ह्ये खायाचं का नुसतं बगायचं?" भात मागितला तर सोयासॉसनं काळा केलेला आला. आम्ही इंद्रायणी पिकवणारी माणसं! सासूबाईंनी एक शीत बोटानं दाबून बघितलं आणि ताट यांच्याकडे सरकवलं. "गोरख, तू खा. तुला लई हौस व्हती."

मॅनेजरसाहेब तृप्त होऊन पाच वाजता आले. कबड्डी लावली तर बक्षिसं चाललेली. आपल्या पोरी जिंकल्या! मागच्या रांगेत शेफाली दिसली— दोन सेकंद. सासूबाईंनी टीव्हीवरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. लगेच जाहिरात. मला रडूच आलं. वेटर म्हणतो, "गोडात काय आणू?"

९ फेब्रुवारी, सोमवार

टेकाडावरून फोन केला. "आई, बघितलं?" तोंडातून निघूनच गेलं— "बघितलं म्हणजे! काय चढाई केलीस गं! दोघी एकदम बाद!" "दोघी?" ती म्हणाली. मग, "बरं वाटलं, आई." तेवढ्यात रेंज गेली. सुटले!

खोटं बोलू नये, असं रोज अंगणवाडीत पोरांना शिकवते मी. आज शिकवताना त्यांच्याकडे बघवेना.

१४ फेब्रुवारी, शनिवार

शेफाली आली. गरम भात, आमटी. दोनदा मागून घेतला.

सासूबाई उठल्यावर हळूच म्हणाली, "आई, मी राखीव होते. सगळा सामना बाकावरच बसून होते." मला मान वर करवेना.

मग तीच म्हणाली, "पण ती चढाई सांग की परत."

सांगितली. या वेळी तिघी बाद केल्या तिनं.